ओळंबा

उणे चौदा. कॅमेऱ्याची जादा बॅटरी काखेत धरून
मी उभी, खुडुक कोंबडीसारखी.
थंडीत ती वीस मिनिटांत मान टाकते,
मग अदलाबदल: गार झालेली माझ्याकडे, ऊबदार तिकडे.

तुइरे बोलत नाही.
तिपाईवरची दातेरी चाकं फिरवते
केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे,
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन
गप्प बसेपर्यंत.

कॅमेरा म्हणजे तरी काय, धातूची एक चौकट.
पुढे भिंग, मागे डिजिटल बॅक,
मध्ये आरसा नाही, लाडीगोडी नाही.
भिंग अठरा मिलिमीटर वर सरकवलं
की धुराडं शेंड्यापर्यंत मावतं, मान वर न करता.
मान वर केली की भिंती मागे रेलतात.
क्युमी नदीकाठच्या प्रत्येक फोनमध्ये
ही कागद गिरणी तशीच आहे,
जेवून आरामखुर्चीत पडलेली.

लेसरनं अंतर: बावन्न मीटर, चाळीस सेंटिमीटर.
बॅक डावीकडे सरकवून एक फोटो, उजवीकडे सरकवून एक.
घरी गेल्यावर शिवायचे.

मग माझं काम.
भिंगापुढे दुधी पाटी धरायची
आणि कशाचाच नाही असा एक पांढरा फोटो.
भिंगाचा स्वतःचा डाग असतो, तुइरेनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
या कडेला हिरवट, त्या कडेला जांभळट.
तो जगाच्या माथी मारायचा नाही.
कोऱ्यावर टिपून घ्यायचा, मग वजा करायचा.

वजा केला.
लॅपटॉपवर भिंती सरळ, खिडक्या सरळ,
पन्हळीसुद्धा रेघेत.
धुराडं तेवढं पूर्वेला झुकलेलं,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखं.

तुइरेनं पाणसळ पाहिली.
तिपाई उचलली, बुटानं बर्फ दाबला, पुन्हा रोवली.
पुन्हा डावा, पुन्हा उजवा, पुन्हा पांढरा.
पुन्हा पूर्वेला.

तेवढ्यात किल्ल्या वाजवत ताइस्तो आला.
एकेचाळीस वर्षं लगद्याच्या हौदावर,
आता गिरणी पाडेपर्यंत तिचा राखणदार.
दोन फोटोंच्या मधूनच चालत आला;
डाव्यात त्याचा एक बूट आहे, उजव्यात बाकीचा तो.

"कललंय," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.
"बापानं रचलंय. सत्तावन्नचा नोव्हेंबर,
मालकाला घाई, घमेल्यात माल गोठायचा,
ओळंब्याची दोरी काठीसारखी ताठ.
मरेपर्यंत म्हणायचा, सरळ आहे,
तुमची नजर वाकडी.
आई सूप वाढत हो म्हणायची."

दाखव म्हणाला. तुइरेनं चित्र मोठं केलं,
आणखी मोठं,
विटेच्या कडेवरचा टवका दिसेपर्यंत.
ताइस्तो पायथ्यापासून चढू लागला,
थर मोजत, ओठांनी, आवाज न करता.
सव्वाशेच्या वर कुठेतरी थांबला.

"इथं त्याला कळलं."

आम्हाला काहीच दिसलं नाही.
मग दिसलं.
तिथून वर प्रत्येक सांधा
पूर्वेच्या बाजूला थोडा जाड आहे,
दोन मिलिमीटर, तीन,
पुढे चांगला बोटभर.
परत आणायला बघत होता.
थरामागून थर, दिवसामागून दिवस, तीस मीटर उंचीवर,
खाली कुणाला न सांगता.
पुरलं नाही. धुराडं आधी संपलं.

ताइस्तोनं नाक ओढलं. थंडीच होती तशी.
माझ्या काखेतली बॅटरी मागायला तुइरेनं हात पुढे केला
आणि तसाच ठेवला.

मग त्यानं हातमोजा काढला,
पडद्यावर अंगठा टेकवला, बरोबर तिथं,
गवंडी ओला सांधा दाबून बघतो तसा.

पडदा पुसायचं फडकं माझ्या खिशात होतं.
मी ते काढलं नाही.